इंग्लंडातला कोपऱ्यावरचा पब: बुडतो तो नेमका कुठे?

सेव्हर्नकाठ
ब्रिटनमध्ये २००० साली साठ हजारांच्या आसपास पब होते, आता ४५ हजारांच्या आसपास उरलेत. कारण विचारलं की ठरलेली तीन उत्तरं येतात: तरुण पीत नाहीत, सुपरमार्केटात बिअर स्वस्त मिळते आणि २००७ पासून आत सिगारेट ओढता येत नाही. तिन्ही खरी आहेत, पण गिऱ्हाईक असलेले पबही बंद पडतात, त्याचं काय? माझा संशय असा की पब गल्ल्यावर बुडत नाही, आधीच कुठेतरी बुडालेला असतो.

माझे दोन प्रश्न. खेड्यातला, स्वयंपाकघर नसलेला, जुन्या पद्धतीची कास्क एल (पिंपातच शेवटचं आंबणारी बिअर) ठेवणारा एक पब डोळ्यांसमोर आणा. पाच पौंडांच्या पाइंटमधले पैसे जातात कुठे? आणि गावकऱ्यांनी वर्गणी काढून तो विकत घेतला तर गणित खरंच बदलतं का?

जाणकारांनी आकड्यांसकट लिहावं. ‘माझी पहिली बिअर’ छाप आठवणींसाठी वेगळा धागा आहे, कृपया तिकडे.

खडीसाखर
शीर्षक वाचून वाटलं दारूबंदीवर भांडण आहे. तरी बसते, चहा घेऊन.

आकडेमोड
पाच पौंडांचं विच्छेदन करू. २० टक्के व्हॅट किमतीत धरलेला असतो, म्हणजे ८३ पेन्स सरकारजमा. उरले ४.१७ पौंड.

बिअर ड्यूटी ब्रुअरी भरते, पण ती पिंपाच्या किमतीत येतेच. फेब्रुवारी २०२५ च्या दरांनी ३.५ ते ८.४ टक्क्यांतल्या नळाच्या बिअरला लिटरभर शुद्ध अल्कोहोलमागे १८.७६ पौंड, बाटली-कॅनला २१.७८. चार टक्क्यांच्या पाइंटवर (५६८ मिली) हे साधारण ४३ पेन्स होतात. नळाच्या बिअरची सवलत १ ऑगस्ट २०२३ पासून सुरू झाली. २० लिटर किंवा मोठ्या पिंपालाच मिळते. पाइंटमागे ती सात पेन्सांची होते. आनंदाने नाचावं असं काही नाही.

आता पिंप. नऊ गॅलनचं फर्किन म्हणजे कागदावर ७२ पाइंट. साका, पहिल्या चाखणीचा पेला, नळीत राहिलेली वगळता ६८ विकले तर छान. पिंप व्हॅट सोडून १०५ पौंडांना पडलं असं उदाहरणापुरतं धरा. पाइंट पडला १.५४ ला. हातात उरले २.६३ पौंड.

या २.६३ मधून पगार, भाडं, वीज, विमा, संगीताचा परवाना, गॅस, पाणी. एकच गोष्ट बघा: एप्रिल २०२५ ला किमान वेतन तासाला १२.२१ पौंड झालं. भरपगारी रजेचे १२.०७ टक्के मिळवले की १३.६८. म्हणजे बारमागे एक माणूस उभा करायला तासाला सव्वापाच पाइंट विकायला हवेत, दिवा न लावता. पावसाळी मंगळवारी दुपारी तीन विकले जातात. म्हणून इतके पब सोमवार-मंगळवार बंद असतात. आळस नाही, गणित आहे.

बोरूबहाद्दर
+१. आणि मालकाच्या नॅशनल इन्शुरन्सचं (नोकरांच्या पगारावर मालकाने भरायची वर्गणी) विसरलात. एप्रिल २०२५ ला १३.८ वरून १५ टक्के, आणि उंबरठा ९,१०० वरून थेट ५,००० पौंडांवर आणला. वर्षाला ९,००० कमावणाऱ्या अर्धवेळ पोरामागे आधी शून्य होतं, आता ६०० पौंड. सगळे पब यानेच मारले.

आकडेमोड
@बोरूबहाद्दर, सगळे नाही. त्याच वेळी एम्प्लॉयमेंट अलाउन्स, म्हणजे या वर्गणीतली वर्षाची सूट, ५,००० वरून १०,५०० केला. तुमच्या हिशेबाने अशी सतरा पोरं त्यात बसतात. सेव्हर्नकाठ म्हणतात तसल्या पबात चार असतात. मार बसला तो जेवणाच्या मोठ्या पबांना, पंचवीस-तीस जणांचा ताफा असलेल्यांना.

बिझनेस रेट्सचंही (धंद्याच्या जागेवरचा कर) तसंच. पबचं करमूल्य चौरस फुटांवर ठरत नाही, ‘नीट चालवला तर किती धंदा होईल’ या अंदाजावर ठरतं. म्हणजे वर्दळ वाढवली की पुढच्या मूल्यांकनात बक्षीस म्हणून जास्त कर. एप्रिल २०२५ ला सवलत ७५ टक्क्यांवरून ४० वर आली, त्यावर बोंब झाली ती रास्तच. पण करमूल्य १२,००० पौंडांच्या आत आणि जागा एकच असेल तर इंग्लंडात छोट्या व्यवसायाची पूर्ण सूट मिळते. खेड्यातले कित्येक पब तिथे बसतात. ओरडणारा आणि मरणारा एकच असतो असं नाही.

खडीसाखर
हे शेवटचं वाक्य माझ्या सोसायटीच्या सभेत वापरते आहे.

तळघर
आकडेमोड यांनी ७२ मधून ६८ विकले. नीट सांभाळलं तर. न सांभाळल्यास ५० सुद्धा विकले जात नाहीत, आणि त्याचं कारण ताळेबंदात दिसत नाही, तळघरात दिसतं.

कास्क एल पबात येते तेव्हा पुरी झालेली नसते. पिंपात यीस्ट जिवंत असतं, शेवटचं आंबणं तळघरात होतं. क्रम असा:

पिंप आडवं, लाकडी किंवा लोखंडी घोडीवर, दोन्ही बाजूंनी पाचर मारून. एकदा ठेवलं की हलवायचं नाही. तळघर ११ ते १३ अंशांत.

मग वाफ मोडायची. पिंपाच्या पोटावर मधोमध बूच असतं, त्यात मोगरीने मऊ लाकडाची किंवा बांबूची खुंटी ठोकायची. खुंटीच्या रंध्रांतून वायू फसफसत वर येतो आणि बुचावर पांढऱ्या फेसाचं वारूळ चढतं. ते फडक्याने पुसायचं आणि बघत राहायचं. लगेच परत चढलं तर अजून वेळ आहे. पुसल्यावर तीन-चार सेकंद बूच कोरडं राहिलं, मग एखादाच बुडबुडा आला, की मऊ खुंटी काढून टणक खुंटी. कधी चार तासांत होतं, कधी दीड दिवस लागतो. घड्याळ लावून करणाऱ्यांची बिअर एक तर मेलेली असते नाहीतर पेल्यात नुसता फेस.

तोटी ठोकायची ती विक्रीच्या आदल्या दिवशी. पिंपाच्या तोंडावरचं लाकडी बूच जंतुनाशकाने पुसायचं आणि तोटी *बंद* आहे ना हे दोनदा बघायचं. एकच घाव, सरळ आणि जोरात. भीत भीत तीन टोले मारले की कडेने बिअर अंगावर.

विक्री चालू असताना टणक खुंटी काढून मऊ घालायची, नाहीतर आत पोकळी तयार होऊन बिअर वर खेचणारा बारवरचा हातपंप ओढताच येत नाही. रात्री परत टणक. ही एक खुंटी विसरली की सकाळी बिअर सपाट.

पिंप साधारण निम्मं झालं की मागची बाजू हळूहळू उचलायची. उशिरा आणि हिसक्याने उचललं तर साका ढवळून निघतो आणि उरलेले वीस पाइंट मोरीत.

आणि मुख्य म्हणजे, एकदा हवा आत गेली की तीन दिवस. चौथ्या दिवशी व्हिनेगरकडे प्रवास सुरू. केगमधल्या (दाबाखालच्या बंद पिंपातल्या) लागर बिअरला वरून कार्बन डायऑक्साइडचा दाब असतो, हवा लागतच नाही, ती आठवडाभर तरी आरामात टिकते. त्यामुळे गिऱ्हाईक कमी झालं की पहिला मार कास्कला बसतो. खप कमी, म्हणून बिअर शिळी. शिळी म्हणून गिऱ्हाईक लागर मागतं. म्हणून खप आणखी कमी.

आणि एवढं करून कास्कचा पाइंट बहुतेक ठिकाणी लागरपेक्षा स्वस्त विकतात. मेहनत जास्त, नासाडी जास्त, किंमत कमी. हे कोडं ब्रुअऱ्यांनी पन्नास वर्षांत सोडवलेलं नाही.

सोलकढी
दंडवत तळघरदादा. वाचनखूण साठवली. एक शंका: हे सगळं निवळतं कसं? गाळतात का?

तळघर
गाळत नाहीत. ब्रुअरीतून निघताना पिंपात आयझिंग्लास घालतात. माशाच्या पोटातल्या फुग्याचं कोलॅजन. ते यीस्टला धरून तळाशी बसवतं. उष्णता त्याला चालत नाही. वीस अंशांच्या वर राहिलं तर कोलॅजनची घडी मोडते आणि ते निकामी होतं. उन्हाळ्यात टेम्पोत तापलेलं पिंप तळघरात कितीही थंड केलं तरी गढूळच राहतं, आणि पबवाला बिचारा नळ्या धूत बसतो.

सोलकढी
माशाचा फुगा म्हणजे आपलं भोत! घोळीचं भोत डहाणू-पालघरकडे सोन्याच्या मोलाने जातं. तरीच.

खडीसाखर
म्हणजे श्रावणात बिअर चालणार नाही, आणि कारण अल्कोहोल नव्हे, मासळी. घरी ही माहिती पोचता कामा नये.

तळघर
आता बरेच जण आयझिंग्लास न घालता थोडी धुरकट बिअर देतात, पंपाच्या पाटीवर तसं लिहितात. श्रावण पाळणाऱ्यांनी पाटी वाचावी.

यॉर्ककर
तळघर, स्पार्कलरबद्दल सोयीस्कर मौन! इतरांसाठी: हातपंपाच्या नळाच्या टोकाला बारीक भोकांची प्लास्टिकची टोपी लावतात, तिला स्पार्कलर म्हणतात. बिअर त्यातून जोरात निघाली की वर साईसारखा घट्ट फेस. ती नसेल तर पेल्यात डबक्याचं पाणी.

तळघर
आणि ती असेल तर बिअरमधला वायू सगळा फेसात जातो, खाली उरतो तो थंड काढा. दक्षिण इंग्लंडातल्या हलक्या हॉपदार बिटर एलला टोपी लावणं म्हणजे पिठल्यावर चीज.

यॉर्ककर
पिठल्यावर चीज चांगलं लागतं.

सेव्हर्नकाठ
दोघांनी नवीन धागा काढावा. नळ्या धुण्याचं कोणी सांगेल का? तिथे किती वाया जातं?

यॉर्ककर
दर सात दिवसांनी. आधी पाण्याने नळी रिकामी, मग क्षारयुक्त द्रावण, बाटलीवर लिहिलं असेल त्याच प्रमाणात. जास्त घातल्याने जास्त स्वच्छ होत नाही, नळीचं प्लास्टिक खराब होतं. अर्धा तास मुरू द्यायचं, मधे एक-दोनदा थोडं ओढून ताजं आत घ्यायचं. जांभळ्या रंगाचं मिळतं ते शिकाऊंना बरं: नळीत मळ असेल तर हिरवं पडतं, जांभळं जसंच्या तसं बाहेर आलं की काम झालं. शेवटी भरपूर पाणी. हातमोजे आणि चष्मा घालूनच, कॉस्टिक आहे ते.

वाया जाते ती नळीत उभी असलेली बिअर. हातपंपाची नळी लहान, पाइंट-दोन पाइंट. दहा नळ असले की दर आठवड्याला वीस पाइंट. म्हणून काही महाभाग दोन आठवड्यांनी धुतात. पैसे वाचतात आणि गिऱ्हाईक जातं. कुठे गेलं ते त्यांना कळतही नाही, कारण खराब पाइंट प्यालेला इंग्रज तक्रार करत नाही. ‘लव्हली, थँक यू’ म्हणतो आणि परत येत नाही.

करारनामा
तांत्रिक चर्चा रोचक आहे. पण मूळ दुखणं आकडेमोड यांच्या एका वाक्यात लपलंय: ‘पिंप १०५ पौंडांना पडलं’. कोणाला? जो ते कुठूनही आणू शकतो त्याला.

पब तीन प्रकारचे. कंपनी स्वतः पगारी माणूस ठेवून चालवते ते, मालकाचा स्वतःचा, ज्याला फ्री हाउस म्हणतात, आणि भाडेपट्ट्याचे. भाडेपट्ट्यात बहुधा ‘टाय’ असतो: बिअर आमच्याकडूनच आणि आमच्याच दराने घ्यायची. तेच फर्किन टायमध्ये १६० ला पडतं असं धरू. पाइंट २.३५ ला. हातात उरतात २.६३ ऐवजी १.८२. पाइंटमागे ८१ पेन्सचा फरक.

पबचा खप बॅरलमध्ये मोजतात. ब्रिटिश बॅरल ३६ गॅलनचं, २८८ पाइंट. वर्षाला १५० बॅरलचा मध्यम पब धरा: ४३,२०० पाइंट. गुणिले ८१ पेन्स: ३५ हजार पौंड. हे भाड्याखेरीज. कंपन्या म्हणतात, त्याबदल्यात भाडं कमी, प्रशिक्षण, मोठी दुरुस्ती. काहींच्या बाबतीत खरंही आहे. ज्याच्याकडे विकत घ्यायला भांडवल नाही त्याला टायमुळेच दार उघडतं. पण ३५ हजारांइतकं भाडं कमी आहे का, हा हिशेब सही करण्याआधी मांडायचा असतो आणि नव्व्याण्णव जण तो सहीनंतर मांडतात.

बाहेरून गुपचूप पिंप आणता येईल का? नळीवर प्रवाह मोजणारे मीटर असतात. विकत घेतलेले गॅलन आणि वाहिलेले गॅलन जुळले नाहीत की पत्र येतं.

दुसरा सापळा: दुरुस्ती आणि विमा संपूर्ण भाडेकरूवर टाकणारा पट्टा. दोनशे वर्षं जुनी इमारत, स्लेटचं छप्पर, सडलेल्या तुळया, सगळं तुमच्या गळ्यात. सोडून जाताना ‘बिघाडाची यादी’ येते आणि अनामत त्यात जिरते. उपाय एकच: सहीआधी सर्व्हेअरकडून फोटोंसह स्थितीदर्शक यादी करून ती कराराला जोडणं. हजार-दोन हजार पौंड लागतील, पुढे वीस हजार वाचतील.

जुनीवही
करारनामा यांना पुस्ती. टाय पूर्वीही होता, पण तेव्हा मालक ब्रुअरी असायची. तिला बिअर खपवायची असायची, म्हणून पब चालणं तिच्या हिताचं. १९८९ मध्ये मक्तेदारी आयोगाने अहवाल दिला की सहा बड्या ब्रुअऱ्यांनी बाजार दाबून ठेवलाय. त्यावरून त्याच वर्षी ‘बिअर ऑर्डर्स’ निघाल्या: दोन हजारांहून जास्त पब असतील तर वरच्या संख्येतले निम्मे टायमधून मोकळे करा. हेतू उत्तम. झालं असं की ब्रुअऱ्यांनी पबच विकून टाकले, ते घेतले बिअर न बनवणाऱ्या कंपन्यांनी. त्यांच्यावर ही मर्यादाच नव्हती, कारण कायदा ब्रुअऱ्यांसाठी होता. २००३ मध्ये बिअर ऑर्डर्स रद्द झाल्या. पुढे पंच आणि एंटरप्राइझ या दोन पबमालक कंपन्यांकडे प्रत्येकी आठ-नऊ हजार पब जमले, तेही कर्जावर. कर्जाचा हप्ता पबच्या भाड्यातून. २००८ ला पतपुरवठा आटला तेव्हा पब विकून हप्ते भरायची वेळ आली. आगीतून फुफाट्यात.

त्यातच २००८ ते २०१३ ड्यूटी दरवर्षी महागाईच्या दोन टक्के वर चढवली. धूम्रपानबंदीच्या माथी जे बंद पडलेले पब मारतात त्यातले किती खरं तर या दोन गोष्टींचे, ते ज्याचं त्याने ठरवावं.

बोरूबहाद्दर
पण आता कायदा आहे ना? टाय तोडता येतो म्हणे.

करारनामा
पब्स कोड, जुलै २०१६ पासून, इंग्लंड आणि वेल्समध्ये. ५०० किंवा जास्त टायवाले पब असलेल्या कंपन्यांनाच लागू. भाडं-फेरतपासणी, पट्ट्याचं नूतनीकरण किंवा दरात मोठी वाढ अशा ठरावीक प्रसंगी ‘फक्त बाजारभाड्याचा’ पर्याय मागता येतो. नोटीस २१ दिवसांत पोचली पाहिजे. बाविसाव्या दिवशी हक्क गेला, पुढच्या प्रसंगापर्यंत थांबा. आणि मालक कंपनी स्वतः ब्रुअरी असेल तर टाय सुटल्यावरही ‘आमचे ब्रँड ठेवा’ अशी अट ती घालू शकते.

टाय सुटल्यावर भाडं चढतं, हेही विसरू नका. ३५ हजार वाचतात आणि भाडं पंचविसाने वाढतं असं होतं. उरतात दहा. तेवढ्यासाठी वकील करावा का, हा हिशेबही आधीच करायचा.

मुंबईकर_बाहेर
आपल्याकडे वेगळं काय आहे? परमिट रूममध्ये बसून प्यायलात तर १० टक्के व्हॅट वेगळा, दुकानातून नेलं तर तो नाही. १४ जुलै २०२५ ला राज्यातल्या बारवाल्यांनी बंद पाळला तो कर आणि परवाना शुल्कावरूनच. इंग्लंडात सुपरमार्केट विरुद्ध पब, इथे वाईन शॉप विरुद्ध परमिट रूम. बसण्याचा दंड दोन्हीकडे.

खडीसाखर
‘बसण्याचा दंड’ आवडलं. महाराष्ट्रात ‘बसणे’ या क्रियापदाला आधीच इतका अर्थ आहे.

स्मेथविक_डबा
चर्चेत देशी पब आलेच नाहीत. बर्मिंगहॅमच्या पश्चिमेला स्मेथविक, वेस्ट ब्रॉमिच या पट्ट्यात ओतकामाच्या कारखान्यांत पंजाबी कामगार आले. साठच्या दशकात अनेक पबांत त्यांना मुख्य खोलीत घेत नसत. इंडियन वर्कर्स असोसिएशनने त्याविरुद्ध मोहीम चालवली. फेब्रुवारी १९६५ मध्ये अमेरिकेतले कृष्णवर्णीयांचे नेते माल्कम एक्स स्मेथविकला आले ते याच वातावरणात. त्याच वर्षीच्या वंशसंबंध कायद्याने सार्वजनिक जागी असा भेदभाव बेकायदा ठरला. पुढे कारखाने बंद पडले, त्यांवर अवलंबून असलेले पब ओस पडले आणि ते पंजाबी कुटुंबांनी घेतले. आज तिथे लोखंडी तव्यावर चरचरत येणारं मिक्स्ड ग्रिल आणि बाजूला पाइंट. वेस्ट ब्रॉमिचच्या रेड लायनमध्ये तर या इतिहासावर रंगीत काचांची खिडकी आहे.

ते का टिकले? मसाला हे उत्तर अपुरं आहे. पब ओस पडल्यावर घेतला तर स्वस्तात इमारत मिळते, म्हणजे टाय नाही. घरची माणसं राबतात, म्हणजे तासाला सव्वापाच पाइंटांचं गणित सैल होतं. आणि ग्रिलमुळे गिऱ्हाईक दोन तास बसतं.

नक्कल करणाऱ्यांना इशारा: तंदूर म्हणजे धुराडं. ते छपराच्या वर न्यावं लागतं, त्याला नियोजन खात्याची परवानगी, वारसा यादीतली इमारत असेल तर आणखी एक. शिवाय मोरीत तेल अडवणारी पेटी. यात वीस-तीस हजार सहज जातात आणि वरच्या मजल्यावरचा शेजारी वासाची तक्रार करायला टपलेला असतो.

सेव्हर्नकाठ
म्हणजे शेवटी प्रश्न इमारत कोणाची हाच, असं दिसतंय. तर दुसऱ्या प्रश्नाकडे येऊ का? गावाने विकत घ्यायचा म्हटलं तर?

करारनामा
इंग्लंडपुरतं सांगतो. २०११ च्या लोकॅलिझम कायद्याने पब ‘समाजोपयोगी मालमत्ता’ म्हणून कौन्सिलकडे नोंदवता येतो. पॅरिश कौन्सिल (गावपातळीची) किंवा २१ स्थानिक मतदार अर्ज करू शकतात. नोंद पाच वर्षं टिकते. मालकाने विकायला काढला की सहा आठवड्यांत तुम्ही ‘आम्हाला बोली लावायची आहे’ कळवायचं, मग एकूण सहा महिने थांबणं त्याच्यावर बंधनकारक. लंडनच्या नन्हेडमधला आयव्ही हाउस २०१३ मध्ये असाच वाचला.

पण खाचखळगे बघा. सहा महिन्यांनी तुम्हालाच विकावं असं बंधन नाही. आणि चालू धंद्यासकट विकला तर थांबणंही नाही! २०२५ मध्ये मांडलेल्या विधेयकात मुदत बारा महिने आणि खरेदीचा पहिला हक्क अशी तरतूद होती.

पब पाडून घरं बांधायची भीती असेल तर मे २०१७ पासून इंग्लंडात परवानगी लागतेच. मेडा व्हेलचा कार्ल्टन टॅव्हर्न २०१५ मध्ये परवानगीविना पाडला होता. कौन्सिलने विटेला वीट लावून परत बांधायला लावला, २०२१ मध्ये तो उघडला.

जुनीवही
मालकीचा साचा म्हणाल तर कम्युनिटी बेनिफिट सोसायटी. एक सभासद एक मत, मग शेअर पन्नास पौंडांचे असोत की पाच हजारांचे. शेअर दुसऱ्याला विकता येत नाही, फक्त सोसायटीकडून परत मागता येतो, तोही तिच्याकडे पैसे असतील तेव्हा. हे सभासदांना पहिल्याच सभेत मोठ्या अक्षरांत सांगावं. कंब्रियातल्या हेस्केट न्यूमार्केटचा ओल्ड क्राउन २००३ पासून सहकारी आहे. सरकारचा कम्युनिटी ओनरशिप फंड २०२१ ला सुरू झाला होता, तो डिसेंबर २०२४ मध्ये बंद केला, तेव्हा त्या भरवशावर जुनी माहितीपत्रकं वाचून बसू नका.

सोलकढी
आपल्या दूध सोसायट्यांसारखंच की. मग चेअरमनपदावरून भांडणंही होत असणार.

जुनीवही
चेअरमनपदावरून कमी, भिंतीच्या रंगावरून जास्त. अडीचशे मालकांना अडीचशे रंग आवडतात. म्हणून चालवायला एक व्यवस्थापक किंवा भाडेकरू नेमावा आणि समितीने बारच्या आतल्या बाजूला पाऊल टाकू नये.

आकडेमोड
आता मूळ पबचं गणित, मालकी गावाची धरून. चारशे वस्तीचं गाव, दीडशे बॅरल कुठून येणार? साठ धरा. १७,२८० पाइंट वर्षाला, दिवसाला ४७. पाइंटमागे २.६३ प्रमाणे ४५,४०० पौंड. आठवड्याला ३० तास उघडा ठेवला तर एका माणसाचे १३.६८ प्रमाणे वर्षाला २१,३०० जातात. उरलेल्या चोवीस हजारांत वीज, विमा, दुरुस्ती, हिशेबनीस. वीज म्हणजे तळघराचा कूलर चोवीस तास. घरगुती विजेला दराची कमाल मर्यादा असते, धंद्याला नसते. भाडं नाही म्हणून हे जेमतेम बसतं. टाय आणि भाडं लावा, पहिल्याच वर्षी कुलूप. तुमच्या पहिल्या पोस्टमधलं ‘आधीच बुडालेला’ ते हेच.

खारे दाणे, कुरकुरीत वेफर्स, लिंबूपाणी यांच्यावरचा नफा यात धरलेला नाही. तो बिअरहून बरा असतो, हसू नये.

बोरूबहाद्दर
मग चार हातपंप लावा, वेगवेगळ्या बिअर ठेवा, लांबून लोक येतील!

तळघर
हाच तो आजार. दिवसाला ४७ पाइंट, त्यातले निम्मे कास्क धरा, २४ झाले. तीन दिवसांत ७२. म्हणजे बरोब्बर एक फर्किन. तुमच्या गावाला *एक* हातपंप परवडतो. चार लावलेत तर प्रत्येकातून दिवसाला सहा पाइंट जातील आणि चौथ्या दिवशी प्रत्येक पिंपातले पन्नासेक पाइंट सॅलडवर घालायच्या लायकीचे होतील.

सेव्हर्नकाठ
एकच पंप असलेला पब बघून लोक परत जातील हो. दोन तरी?

तळघर
दोन हवेतच तर दुसऱ्याला पिन घ्या. साडेचार गॅलन, ३६ पाइंट. पाइंटमागे महाग पडतं, सगळ्या ब्रुअऱ्या भरूनही देत नाहीत. सोमवार-मंगळवार बंद, बुधवारी पिन उघडायचं, गुरुवारी संध्याकाळी फर्किन, रविवारी रात्री दोन्ही संपलेले. संपली की पाटी उलटी लावायची आणि लागर द्यायची. ‘संपली’ ऐकून गिऱ्हाईक पुढच्या आठवड्यात लवकर येतं.

कास्क ब्रीदरही लावता येतो: पिंपात हवेऐवजी साध्या दाबाचा कार्बन डायऑक्साइड शिरतो, दोन-चार दिवस जास्त मिळतात. कॅम्रा या बिअरप्रेमींच्या संघटनेचा त्याला वर्षानुवर्षं विरोध होता, २०१८ मध्ये त्यांनी तो सोडला. तळघरात कार्बन डायऑक्साइडचा अलार्म मात्र लावा, तो वायू जमिनीलगत साचतो.

यॉर्ककर
एक पंप, ठीक. पण त्याला स्पार्कलर लावणार की नाही, हे गावसभेत ठरवणार का?

खडीसाखर
अडीचशे मालक. चहा परत ठेवते.